वृंदावहिनींचा सोळा नंबर

कॅमेरा श्यामकांत खारकरांनी आणला तो स्वतःसाठी. अंबरनाथच्या एका कारखान्यात ते सुपरवायझर. शिफ्ट सुटली की उल्हासनगरच्या कॅम्पात टेकचंदच्या दुकानात डोकवायचं, हा त्यांचा जुना नाद. टेकचंदकडे जपानी घड्याळं, दुबईचे टेप, कुणीतरी वापरून टाकलेल्या इस्त्र्या, काय वाट्टेल ते मिळायचं. वस्तू बिघडली म्हणून परत न्यावी, तर तो तिच्याकडे प्रेमानं बघत म्हणायचा, "साईं, चीज तो अच्छी है, आपका टाइम खराब चल रहा है."

शहाऐंशी सालच्या दिवाळीत श्यामकांतराव तिथून कॅमेरा घेऊन बदलापूरला, हेंद्रेपाड्यातल्या बिऱ्हाडी आले. वापरलेला, पण ऐटबाज. अडचण एकच निघाली. फोटो काढताना एक डोळा मिटावा लागतो, आणि श्यामकांतरावांनी एक डोळा मिटायला घेतला की दोन्ही मिटत. पहिल्या रोलात आलं काय, तर बरंचसं आकाश, दोन बूट आणि त्यांच्या आईंचा, म्हणजे गोदूबाईंचा, अर्धा कान. गोदूबाईंनी तो कान निरखून बघितला आणि म्हणाल्या, "कुडी छान आलीय. आता हे यंत्र हिच्याकडे दे. हिला निदान डोळे उघडे ठेवायची सवय आहे."

ही म्हणजे वृंदा. पस्तिशीची, बुटकी, जाड भिंगांच्या चष्म्याची. चष्मा काढला की समोर म्हैस आहे की एसटी, हे तिला आवाजावरून ठरवावं लागे. लग्न होऊन आल्यापासून ती कुणाची सून, कुणाची वहिनी, कुणाची शेजारीण होती. हाताला चव बरी, गळा बरा, भरतकाम बरं. सगळंच बरं. तिच्यावाचून कुणाचं अडलंय, असं काही आजवर झालं नव्हतं.

रविवारी नवरा-बायको टेकचंदकडे गेली. वृंदानं तक्रार मांडली, "ह्याच्यावर एक खिट्टी आहे. दाबली की आतलं चित्र काळं पडतं. खराब दिसतेय."

टेकचंदनं खिट्टीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. भिंगाभोवतीचं कडं फिरवून तो म्हणाला, "अदी, उसको हाथ मत लगाओ. ये नंबर देखो. सबसे छोटा, एक पॉइंट आठ. इसको रखो, बस. जिसका फोटो निकालो वो चमकेगा, पीछे का सब मलाई हो जाएगा." सिंधीत अदी म्हणजे बहीण. त्या एका शब्दावर वृंदानं त्याला अर्धं माफ केलं, आणि पुढचा रोल धुऊन आला तेव्हा उरलेलं अर्धं.

मलाई म्हणजे मलाईच होती ती. गोदूबाई तुळशीला पाणी घालताहेत; त्यांच्या चेहऱ्याची सुरकुती न् सुरकुती जिवंत, आणि मागची गळकी टाकी, तुटका जिना, पलीकडच्यांचा डालड्याच्या डब्यातला कढीपत्ता, सगळं विरघळून दुधावरच्या सायीसारखं पसरलेलं. वृंदाला वेडच लागलं. तिनं मांजराची मलाई केली, गवारवाल्याची केली, नवऱ्याच्या टकलामागे अख्खी भिंत वितळवली. आठवडाभर ती आमटीत मीठ घालायला विसरत होती आणि कुणी काही बोललं की हसत होती.

मग स्थळांच्या फोटोंचा सिलसिला सुरू झाला. हेंद्रेपाड्यात लग्नाच्या मुली भरपूर आणि त्यांना उभं करायला जागा एकच, चाळीची गॅलरी. मागे दोऱ्या, पिंपं, संडासाची रांग. वृंदानं मुलीला कठड्याशी उभं करायचं, एक पॉइंट आठ लावायचा, की पिंपांचे तेवढे निळे ढग उरायचे. एका मुलीचा फोटो बघून मुलाची आत्या म्हणाली, "बाग फार सुंदर आहे हो, कुठली?" बाग कसली, पलीकडच्यांनी वाळत घातलेल्या गोधड्या होत्या त्या. पण लग्न जमलं. मग दुसरं जमलं. वृंदावहिनींनी फोटो काढला की मुलगी उजवते, अशी हूल कुळगावापर्यंत गेली. मुली पावडर लावून दारात उभ्या राहू लागल्या. आणि रस्त्यानं जाताना वृंदा खारकरची चाल जराशी बदलली.

अशा वेळी माणूस आपटतो तो जोरात आपटतो.

राजाबाई म्हणजे महिला मंडळाच्या अध्यक्ष. त्यांच्या मुलीचं लग्न अंबरनाथला होतं आणि रुखवत राजाबाईंनी जातीनं केलेलं. करंज्यांचं कमळ, खोबऱ्याच्या किसाचं तुळशीवृंदावन, डाळींची सप्तपदी, मण्यांचे मोर, लोकरीचा ससा. दुपारी नवऱ्याकडची मंडळी ते उचलून नेणार, त्याआधी फोटो हवा. वृंदानं ऐटीत टेबलाच्या टोकाशी ओणवून, एक पॉइंट आठ लावून फोटो काढला.

फोटोत सगळ्यात पुढचा लाडू आला. काय आला होता. बेदाण्यावर पडलेला उजेडही मोजून घ्यावा. लाडवाच्या मागे करंज्यांचं कमळ पांढुरकं, त्यामागे सप्तपदी पिवळट, आणि मोर, ससा, वृंदावन यांचा मिळून एक हिरवा उसासा.

मंडळाच्या सभेत राजाबाईंनी तो फोटो सगळ्यांच्या हातून फिरवला. "रुखवत मांडलं होतं अंबरनाथला," त्या म्हणाल्या, "फोटो आलाय माथेरानचा. धुकं बघा किती छान पडलंय."

बायका हसल्या. वृंदाही हसायला गेली, पण हसण्याच्या जागी भलतंच वाक्य बाहेर पडलं. "पुढच्या रुखवतातली एक जरी वस्तू पुसट आली ना, तर कॅमेरा टेकचंदला परत. पुन्हा हात लावणार नाही."

"लिहून घ्यायचं का?" राजाबाईंनी विचारलं.

"गरज नाही," वृंदा म्हणाली, आणि जिना उतरेपर्यंत तिला रडू आलं. बाकी काहीही परत करायला सांगा. कुणी मंगळसूत्र म्हणालं असतं तरी तिनं विचार केला असता. पण तो कॅमेरा गेला, तर पुन्हा सगळंच नुसतं बरं होणार होतं.

ती तडक टेकचंदकडे गेली. त्यानं फोटो बघितला आणि खांदे उडवले. "अदी, आपने मलाई माँगी थी. अब सब कुछ चाहिए, तो नंबर बढ़ाओ. ये देखो, सोलह. छेद छोटा हो जाएगा, सब साफ आएगा."

"छेद लहान केला तर जास्त कसं दिसेल?"

"मैं बेचता हूँ अदी, बनाता थोड़े हूँ." पण त्यानं दोन गोष्टी नीट सांगितल्या. कड्यावरचा एकेक नंबर चढला की उजेड निम्मा होतो, म्हणून वेळ दुप्पट द्यायचा. आणि ती खिट्टी खराब नव्हती. दाबली की छेद खरोखर तेवढा मिटतो आणि फोटोत काय-काय येणार ते आधीच दिसतं. "मगर अँधेरा दिखता है," वृंदा म्हणाली. टेकचंद म्हणाला, "तो अँधेरे में देखो."

वृंदानं घरी वाट्या मांडल्या. गॅलरीच्या कठड्यावर एकामागे एक, जवळच्या वाटीत तूर, मग मूग, मग मसूर. सोळा नंबर लावला, फोटो काढले. काही काळे आले, काही हात हलून दुहेरी आले. वेळ वाढवला पाहिजे, स्टँड पाहिजे, हे कळलं. पण छेद लहान केल्यावर मागचं-पुढचं साफ का व्हावं, हे काही डोक्यात शिरेना, आणि कारण कळल्याशिवाय तिच्या हाताला भरवसा येत नसे. स्वयंपाकातही तिचं तसंच होतं.

श्यामकांतरावांनी दाराचं उदाहरण दिलं. "मोठ्या दारातून जास्त दिसतं, फटीतून कमी. उलटं कसं होईल? तुला त्या सिंध्यानं गंडवलंय."

"आणि त्याच्याकडून तुम्ही एवढी घड्याळं आणलीत, तेव्हा कोण गंडलं होतं?" वृंदानं विचारलं.

गोदूबाई वाटीतली तूर निवडत म्हणाल्या, "मला विचाराल तर दोन्ही डोळे मिटून देवाचं नाव घ्या. सगळं स्पष्ट दिसतं."

आणि अशात कमळाबाई आली. बदलापूर गावातली कमळाबाई रोज सकाळी हेंद्रेपाड्यात दूध घालायची. चरवी खाली ठेवून ती उंबऱ्यावर बसली आणि पदराशी चाळा करत म्हणाली, "वयनी, आमच्या चांगुणाचं लगीन धरलंय. रुखवत मीच करतंय. अख्खा गाव करतंय, साकरेचा. नदी, इहीर, देऊल, सगला. त्याचा फोटू तुमी काढा."

"मी?" वृंदा म्हणाली. "राजाबाईंच्या रुखवताचं ऐकलं नाहीस?"

"आयकला. त्या लाडवाचा नशीब." कमळाबाई उठली. "वरमाय म्हनते, जेवनं झाली की पोरं रुखवत लुटनार, आमच्यात तशीच रीत हाय. मंग माझा गाव ऱ्हाईल कुटं? फोटवात ऱ्हाईल तेवढाच."

नाही म्हणायला वृंदानं तोंड उघडलं आणि हो म्हणाली.

लग्नाच्या आदल्या दिवशी ती बदलापूर गावात कमळाबाईच्या अंगणात मदतीला गेली. चुलाणावर कढई, भोवती बायका, आणि एका फळीवर साखरेचा गाव. वृंदा बघतच राहिली. पुढे बैलगाडी, मग विहीर, विहिरीवर रहाट, शेवयांची नदी, नदीवर काड्यापेटीच्या काड्यांचा पूल, आणि पार टोकाला साखरेच्या खड्यांचं देऊळ, त्याच्या कळसावर तिळाएवढा झेंडा. तो दिसला नाही तर कॅमेरा गेला.

"बुंदी पाडा, वयनी," कमळाबाई म्हणाली.

वाफेनं चष्मा धुरकटला म्हणून वृंदानं तो काढून ओट्यावर ठेवला. मग म्हैस आणि एसटी एकच. चाचपडत तिनं झारा उचलला, पीठ लागून भोकं बुजलीत का हे बघायला चेहऱ्यासमोर धरला, आणि तशीच थांबली.

पिठानं बुजत येऊन टाचणीच्या डोक्याएवढ्या उरलेल्या एका भोकातून तिला कुंपण दिसलं. कुंपणावरचा वालाचा वेल दिसला. वेलावरच्या शेंगा दिसल्या. तिनं झारा बाजूला केला, हिरवा चिखल. झारा डोळ्याला लावला, शेंगा. चष्म्याशिवाय.

"कमळाबाई, तुझ्या वेलावर पोपट आहे," ती म्हणाली.

"बसतो तो. चश्मा कुटं तुमचा?"

"ओट्यावर." आणि वृंदा हसायला लागली. झारा डोळ्याला लावून ती अंगणभर गरागरा फिरली. शेजारच्या कौलावरचं मांजर, कमळाबाईच्या नाकातली चमकी, दूरची बैलगाडी, जवळची कढई, सगळं एकदम, सगळं सुटं. म्हाताऱ्या गयाबाईला वाटलं पोरीला चुलीची धग लागली. तिनं कांदा आणायला सांगितलं. कांदा हुंगवायच्या आधी वृंदानं झारा तिच्याच डोळ्याला लावला. गयाबाईनं तो दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाली, "अगो बया. पिपळाची पानं दिसताव मना." झालं. मोतीबिंदूवाल्या, चाळिशीवाल्या, सगळ्या बायका झाऱ्यासाठी भांडायला लागल्या. कुणी पुरीला काडीनं भोक पाडून डोळ्याला लावलं, कुणी पोलक्याचं बटण तोडलं. तेल तापून धूर सुटला तरी कुणाचं लक्ष नाही.

"अगो बुंदी," कमळाबाई ओरडली. "आनि तो झारा नको, वयनी, तो मोट्या भोकाचा. त्यानं बुंदी नाय, भजी पडतात. येक दुसऱ्याला चिकटतो, कंचा कुटला कलत नाय. बारीक भोकाचा घ्या. दाना सुटा पडतो. यळ लागतो तेवढाच."

वृंदानं दोन्ही झाऱ्यांकडे आळीपाळीनं बघितलं. मग ती मटकन पाटावर बसली.

दाणा सुटा पडतो, वेळ लागतो. अहो, हेच की ते. उजेड म्हणजे पीठ, छेद म्हणजे झाऱ्याचं भोक आणि फिल्म म्हणजे कढई. भिंग ज्या वस्तूवर धरलंय तिचा ठिपका काही झालं तरी नीटच पडणार. पण तिच्या पुढच्या आणि मागच्या वस्तूंचा उजेड नेमका ठिपक्यावर येत नाही, तो पसरतो. छेद मोठा असेल तर भज्याएवढा पसरतो, शेजारच्या भज्याला चिकटतो, आणि सशाचा मोर होतो. छेद बारीक केला की तोच पसरलेला ठिपका बुंदीएवढा, आणि एवढ्याशा दाण्याला डोळा टोकदारच समजतो. पीठ मात्र कमी गळतं. म्हणून वेळ द्यायचा.

"मलाई म्हणजे भजी," ती कमळाबाईला म्हणाली.

"जेवलाव का तुमी सकालपासना?" कमळाबाईनं विचारलं.

लग्नाच्या दिवशी रुखवत मांडवाच्या कोपऱ्यात मांडलं, शाळेचे दोन बाक जोडून. वर ताडपत्री, उजेड जेमतेम. वृंदानं टेकचंदकडून उसना आणलेला स्टँड लावला, कॅमेरा चढवला, सोळा नंबर केला आणि खिट्टी दाबली. काळोख. पण आज तिला घाई नव्हती. तिनं डोक्यावरून पदर ओढून घेतला, डोळा सरावू दिला, आणि त्या काळोखात हळूहळू विहीर आली, रहाट आला, पूल आला. बैलगाडीवर भिंग धरलं तर देऊळ पुसट. देवळावर धरलं तर बैलांची तोंडं गेली. मग बरोबर मध्यावर धरून पाहिलं, तरी बैल काही उमटेनात. पुढच्यापेक्षा मागचं जास्त पदरात पडतंय, हे तिच्या ध्यानात आलं. म्हणून ती मध्याच्याही अलीकडे, विहिरीपाशी आली. आणि बैलांची शिंगं आणि झेंडा एकदम उमटले. पदराच्या आत तिला इतका आनंद झाला की तिथेच थोडं नाचून घेतलं. बाहेरून बायकांना नुसता हलणारा पदर दिसला.

आता वेळ. टेकचंदच्या हिशेबानं नंबर चढवत, वेळ दुपटीनं वाढवत गेलं तर आकडा पंधरा-वीस सेकंदांवर येत होता. तेवढा वेळ बाक हलता कामा नये, आसपास कुणी पाय आपटता कामा नये. आणि मांडवात तर बाजार भरलेला. नवऱ्याकडची पोरं बाह्या सारून तयार, त्यांचा म्होरक्या नवऱ्याचा मामा जनू, साखरेच्या गावाशेजारच्या चकलीच्या ताटावर डोळा ठेवून. दारात राजाबाई. त्या मुद्दाम रिक्षा करून आल्या होत्या.

लग्नघरातल्या माणसांना गप्प कसं करायचं? दरडावून होत नाही, विनवून तर नाहीच. वृंदाला एकच उपाय माहीत होता.

"नाव घे," ती कमळाबाईला म्हणाली. "आत्ता. मोठं घे."

"माजं लगीन हाय का?" कमळाबाई लाजून लाल झाली. पण बायकांनी ऐकलं होतं. "घे गो कमळे, घे," असा गलका झाला आणि लगेच शांतता पडली, कारण उखाणा ऐकायचा तर सगळे श्वास रोखून धरतात. वृंदानं कॅमेऱ्याला जोडलेल्या तारेचं बटण दाबून धरलं. छेद उघडला.

"उल्हास नदीच्या पाण्यावर पिकतो भात," कमळाबाई म्हणाली. कुणी हललं नाही. "साकरेच्या देवलात लाविली वात. रुखवताला लावू नको कोनी हात..."

आणि तिथं ती अडकली. नवऱ्याचं नाव इतक्या वर्षांनी चारचौघांत घ्यायचं म्हणजे काय. तिचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. मांडव वाट बघत होता. पोरं थांबली, आचारी थांबला, राजाबाईंनी अर्धवट उघडलेली पर्स तशीच धरून ठेवली. वृंदाचा अंगठा बटणावर पांढरा पडला. जास्त झालं तर फोटो फटफटीत होईल. कमी झालं तर काळा. थांब, थोडं थांब, दाणा सुटा पडू दे.

"धोंडिबांचा नाव घेतंय," कमळाबाई एकदम म्हणाली, "बायांच्या घोलक्यात."

वृंदानं बटण सोडलं. पुढच्या क्षणी हशा उसळला, बाक थरथरले, जनूमामानं आरोळी ठोकली आणि गाव लुटायला सुरुवात झाली. नदी कुणाच्या तरी तोंडात गेली. देवळाचा कळस फोडण्यावरून दोन पोरं भांडली. वृंदा स्टँडला मिठी मारून उभी होती आणि वेड्यासारखी हसत होती, कारण आता जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

फोटो आला तेव्हा श्यामकांतराव तो घेऊन आधी घरी आलेच नाहीत. टेकचंदच्या दुकानात उघडून, तिथल्या गिऱ्हाइकांना दाखवून, मग आले. "टेकचंद म्हणाला, अदी को बोलो, स्टँड रख ले," एवढंच त्यांनी सांगितलं, पण जोडे काढायचे विसरले.

वृंदानं फोटो मंडळाच्या सभेत नेला. राजाबाईंनी तो खिडकीशी धरला. बैलांची शिंगं, विहिरीचा रहाट, पुलाची काडी न् काडी, देऊळ, आणि तिळाएवढा झेंडा. बराच वेळ त्या पुसट काही शोधत होत्या. शेवटी सापडलं. "इथे चकलीच्या ताटावर धूर कसला?"

"तो जनूमामाचा हात," वृंदा म्हणाली. "उखाणा संपायच्या आत पुढे आला होता."

"मग पुसट वस्तू आलीच की."

"हात वस्तूत धरत नाहीत, बाई," मागून कुणीतरी म्हणालं, आणि बायका अशा हसल्या की राजाबाईंनाही ओठ चावावा लागला. फोटो परत देताना त्या म्हणाल्या, "धाकटीचं वैशाखात आहे. मोकळी राहा."

तिथून वृंदा बदलापूर गावात गेली. कमळाबाई गोठ्यात होती. हात पदराला पुसून तिनं फोटो घेतला. ती बोटानं एकेक ठिकाण शिवत गेली. तेवढ्यात तिचा नवरा धोंडिबा बैल बांधून आला. त्यानं तिच्या खांद्यावरून डोकावलं, मग फोटो हातातच घेतला आणि उजेडात उंबऱ्यावर जाऊन बसला.

"ह्ये कंदी केलंस?" त्यानं विचारलं.

"कंदी म्हंजे? लग्नात व्हतं की. तुमी व्हताव ना थय."

"व्हतो. पन बायांनी म्होरं जाऊच दिला नाय. मना वाटला लाडू हायेत." तो फोटो अगदी नाकाशी नेऊन बघू लागला. "ही आपली इहीर."

"मंग कुनाची?"

"रहाट पन हाय." तो हसला. म्हैस हंबरली, तरी कमळाबाई उठली नाही. ती येऊन त्याच्या शेजारी टेकली. वृंदाला चहा विचारायचं दोघांनाही सुचलं नाही आणि वृंदालाही ते खटकलं नाही.

"आनि ही देवलापाशी कोंबडी कशाला बसवलीस?" धोंडिबा म्हणाला.

"कोंबडी नाय, मोर हाय."

"कोंबडीच हाय. बग, डोला बग तिचा."

"मोर हाय," कमळाबाई म्हणाली. "नीट बगा. एवढा साफ आलाय."